पन्हळ

माझ्या एस्टीमच्या बॉनेटला चौदा कापे आहेत.
डावीकडे सात, उजवीकडे सात.
उजवीकडचा शेवटचा जरा तिरपा,
कारण तेवढ्यात वीज गेली
आणि हेरंबला दम धरवेना.
बॅटरीच्या उजेडात, हातकरवतीनं,
पत्रा कापून त्यानं माशाच्या कल्ल्यासारखा उचलला
आणि म्हणाला, बघ, आता हिला घाम येणार नाही.

रॅलीचं वेड होतं त्याला.
घोटीच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर
काटा लाल खुणेला टेकायचा,
म्हणून गरम हवेला वर वाट दिली.
पाणी खाली येतं,
हा हिशेबाचा उरलेला भाग
माझ्याकडे सोपवून तो मस्कतला गेला.
तिथे वर्षातून दोनदा भुरभुरतं,
लोक फोटो काढतात.

इथे श्रावणात त्र्यंबककडून येणारी झड
सातपूरला चहाला थांबल्यासारखी थांबते
आणि मग आमच्या पार्किंगमध्ये उतरते,
जिथे शेड फक्त सोसायटीच्या अध्यक्षांना आहे.
सकाळी चावी फिरवावी
तर स्टार्टर नुसता फिरत राहतो, ठिणगी पडत नाही.
डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी.
ती काढून मी ओढणीनं पुसते.
तिसऱ्या मजल्यावरून चांदवडकर काकू विचारतात,
आजपण?
आजपण.

गंमत अशी, की अंबडच्या एका कारखान्यात मी
विजेच्या पॅनेलवर दिवसभर पाणी मारते.
तेच माझं काम.
पाइप धरायचा, दहा मिनिटं मोजायची, दार उघडायचं,
आतला टिश्यू पेपर कोरडा असेल तर सही करायची.
लोकांच्या पेट्या कोरड्या आहेत
याची लेखी हमी देते मी,
ओल्या ओढणीनं.

आधी फ्लेक्स टाकून पाहिला,
कुणाच्यातरी वाढदिवसाचा, फुकट मिळालेला.
चार चुंबकं लावली, आणि कापांवर नेमकं
भाऊंचं हसू, जोडलेले हात.
दोन रात्री टिकला.
तिसऱ्या रात्री वाऱ्यानं भाऊंना
समोरच्या गुलमोहरात नेऊन बसवलं.

हेरंबचा फोनवर निरोप:
फेकून दे ते बॉनेट, कंपनीचं बसव.
मी उत्तर दिलं नाही.
कसारा घाट चढताना काटा अजून
मधोमध उभा असतो,
हे त्याला सांगायचं म्हणजे
तो बरोबर होता हेही सांगायचं.

शेवटी द्वारकेच्या मागे, लतीफभाई कोकणींकडे.
त्यांनी बॉनेट उघडलं,
तिरप्या कापावरून अंगठा फिरवला,
ज्यानं कापलं त्याला घाई होती, म्हणाले.
होती, मी म्हटलं.
मग बराच वेळ सुपारी चघळत उभे.
पाणी अडवायचं नाही ताई,
अडवलं तर हवाही अडेल.
येऊ दे आत. फक्त
कुठे जायचं ते त्याला आपण सांगायचं.

बारा वर्षं मी पाण्याला
दारातूनच परत पाठवत आले होते.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, कापांखाली दोन बोटं सोडून,
मागे जरासा उतार,
कडा करंजीसारख्या मुडपलेल्या,
आणि टोकाला वॉशिंग मशीनची जुनी नळी,
चाकाच्या मागून खाली सोडलेली.
पन्हळ झाली, ते म्हणाले, घराला असते तशी.
मजुरी तीनशे. नळीचे पैसे नाहीत.

मी पर्समधला टिश्यू डिस्ट्रिब्यूटरवर ठेवला,
बॉनेट लावलं,
त्यांच्याच पाइपनं, घड्याळ लावून, दहा मिनिटं.
शेजारच्या टायरवाल्याची पोरं बघायला जमली.
उघडलं.
कोरडा.
सही कुठे करायची ते कळेना.

परवा रात्री झड लागली तेव्हा खाली गेले.
अंधारात चाकामागे
टप् टप्, मग धार, मग पुन्हा टप्.
अर्धा मिनिट रेकॉर्ड करून मस्कतला पाठवलं,
खाली एक शब्दही न लिहिता.

लगेच विचारलं त्यानं:
कुठला नळ गळतोय?